इसामाल : मठाखाली पिरॅमिड, मठासमोर पिरॅमिड

गुरुवार : मेरिदाहून इसामालला

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर येणारा भारतीय प्रवासी सहसा कानकूनच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरतो, एका दिवसाच्या बससहलीत चिचेन इत्सा हे माया या इथल्या मूळ लोकांचे प्राचीन नगर पाहून घेतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा समुद्राकडे परततो. ताईने आणि मी वेगळा बेत आखला होता. मेरिदाला उतरायचे आणि तिथून पूर्वेला सुमारे 70 किलोमीटरवर असलेल्या इसामाल या लहानशा शहरात मुक्काम टाकायचा, कारण मायांचे प्रचंड पिरॅमिड आणि सोळाव्या शतकातला स्पॅनिश मठ एकाच वस्तीत, एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत अशी जागा सहज सापडत नाही. पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागला नाही. दिवस मुद्दाम जानेवारीअखेरचे निवडले होते, कारण एप्रिल-मे महिन्यांत इथे उन्हाचा तडाखा असा असतो की सावली नसलेल्या पायऱ्या चढण्याचा विचारही नकोसा व्हावा.

बस दुपारची असल्याने सकाळ मेरिदाच्या मुख्य चौकात घालवली. तिहो नावाच्या माया नगराच्या जागी स्पॅनिशांनी 1542 मध्ये हे शहर वसवले आणि तिथल्या पडक्या देवळांचे दगड उचलूनच कॅथेड्रल बांधले. ते 1598 मध्ये पूर्ण झाले. चौकाच्या दक्षिणेला युकातान जिंकणाऱ्या मोंतेहो घराण्याचा वाडा आहे. त्याच्या दर्शनी भागावर कोरलेले दोन शस्त्रधारी शिपाई पराभूतांच्या मस्तकांवर पाय रोवून उभे आहेत. जेत्यांनी आपला पराक्रम इतक्या उघडपणे दगडात कोरून ठेवल्याची उदाहरणे थोडी असतील. पुढे काय पाहायचे आहे याची कल्पना या एका दर्शनी भिंतीने दिली.

इसामालची बस दुसऱ्या वर्गाची होती, म्हणजे हात दाखवाल तिथे थांबणारी. दीड तासाच्या या रस्त्यावर एकही टेकडी, ओढा किंवा पूल लागत नाही. पाटासारख्या सपाट जमिनीवर खुरटे रान पसरलेले आहे आणि जिथे माती खरवडली गेली आहे तिथे लगेच पांढरा दगड दिसतो. सगळा द्वीपकल्प चुनखडीचा असल्यामुळे पावसाचे पाणी पृष्ठभागावर न वाहता थेट खाली झिरपते आणि भूगर्भातल्या पोकळ्यांतून वाहते. जिथे पोकळीचे छत कोसळले तिथे सेनोते नावाचे नैसर्गिक डोह तयार झाले. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जो अशनी आदळल्यामुळे डायनोसॉर नामशेष झाले असे मानले जाते, त्याचे गाडले गेलेले विवर याच भागात आहे आणि मेरिदाभोवतालची सेनोत्यांची अर्धवर्तुळाकार रांग त्या विवराच्या कडेनेच गेली आहे. हीच चुनखडी मायांचा बांधकामाचा दगड होती आणि तीच भाजून त्यांनी गिलाव्याचा चुना केला, त्यामुळे पुढच्या दिवसांत पाहिलेली प्रत्येक भिंत अखेर या पायाखालच्या खडकातूनच वर आलेली होती.

इसामाल पिवळे आहे, हे वाचून माहीत होते. पण सगळेच पिवळे असेल असे वाटले नव्हते. घरे, दुकाने, नगरपालिका, मठ, सारे अंड्याच्या बलकाच्या रंगात रंगवलेले आणि दारे-खिडक्यांना पांढऱ्या पट्ट्या. पोप दुसरे जॉन पॉल 1993 च्या ऑगस्टमध्ये इथे येऊन अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींना भेटले, त्या वेळी गावाला हा एकसारखा रंग दिला, असे आमच्या निवासाच्या मालकीणबाईंनी सांगितले. रस्त्यांना नावे नाहीत, आकडे आहेत. उत्तर-दक्षिण रस्ते सम आणि पूर्व-पश्चिम रस्ते विषम. पत्ता विचारल्यावर 'एकतीसवर, तीस आणि बत्तीसच्या मध्ये' असे उत्तर मिळते आणि परक्या माणसालाही ते तत्काळ कळते. चौकात घोडागाड्या उभ्या होत्या. त्यांना इथे व्हिक्टोरिया म्हणतात, आणि घोड्यांच्या डोक्यावर कान बाहेर काढण्यासाठी भोके ठेवलेल्या, कागदी फुलांच्या गवती टोप्या असतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालानंतर रस्त्यावरून गेल्या. इथल्या मात्र अजून घरची किराणा-भाजी वाहण्यासाठीही वापरल्या जातात.

शुक्रवार : किनिच काक्मो

मुख्य चौकापासून उत्तरेला दोन-तीन गल्ल्या चालत गेले की घरांच्या रांगेत एक साधे फाटक लागते. तिकीट नाही, वाटाड्या नाही. सकाळी आठला पहारेकरी कुलूप काढतो आणि एका वहीत नाव लिहायला सांगतो. समोर दगडी पायऱ्या सुरू होतात आणि मान वर केली तरी शेंडा दिसत नाही.

किनिच काक्मो हा मेक्सिकोतल्या सर्वांत मोठ्या पिरॅमिडांपैकी एक आहे. उंची साधारण 34 मीटर, म्हणजे चिचेन इत्साच्या प्रसिद्ध पिरॅमिडापेक्षा थोडीच जास्त. पण पायथ्याची एकेक बाजू 200 मीटरच्या जवळपास जाते, आणि त्याचा खरा आवाका त्या पायथ्यात आहे. पहिल्या पायऱ्या चढून आपण माथ्यावर पोहोचलो असे वाटते, पण प्रत्यक्षात तो नुसता खालच्या चौथऱ्याचा माथा असतो. तिथे गवत वाढलेले, झाडे असलेले एक विस्तीर्ण मैदान आहे, आणि त्या मैदानाच्या उत्तर टोकाला खरा पिरॅमिड उभा आहे. पायऱ्या गुडघाभर उंच आणि पाऊल आडवेच ठेवावे लागेल इतक्या अरुंद आहेत. ताई मैदानातल्या झाडाखाली थांबली. "तू वर जा, मला इथून दगड नीट दिसतायत," असे ती म्हणाली, आणि उतरल्यावर तिने जे दाखवले ते खरोखरच वरच्या देखाव्यापेक्षा अधिक मोलाचे होते.

खालच्या चौथऱ्याचे दगड फार मोठे आहेत. काही तर एका माणसाच्या छातीपर्यंत पोहोचतील एवढे, आणि त्यांच्या कडा घासून गोलसर केलेल्या. एकमेकांना ते चपखल बसत नाहीत. मधल्या फटींत लहान चिपा ठोकून बसवल्या आहेत, कारण त्यावर चुन्याच्या गिलाव्याचा जाड थर चढवला जाणार होता. तो थर एका आतल्या कोपऱ्यात तळहाताएवढा शिल्लक आहे, त्याला बोट लावले तर गुळगुळीत लागते आणि बारकाईने पाहिले तर त्यावर फिकट लाल रंगाची झाक दिसते. वरचा पिरॅमिड मात्र लहान, घडीव दगडांचा आहे. इसामालची वस्ती इसवी सनापूर्वीच्या काही शतकांपासूनची आहे आणि असे मोठाले, गोल कडांचे दगड वापरण्याची पद्धत जुन्या काळातली मानली जाते, त्यामुळे एकाच वास्तूत दोन काळांचे गवंडी काम दिसते.

माथ्यावरून चारही दिशांना हिरवे सपाट रान क्षितिजापर्यंत जाते आणि दक्षिणेला, बरोबर समोर, मठाचा पिवळा चौथरा आणि त्याच्या कमानी दिसतात. भर दुपारी सूर्याचे तोंड असलेला, अग्नीचा मकाव पक्षी इथे उतरून वेदीवरचा बळी जाळत असे, आणि साथी-दुष्काळ आले की लोक कौल घ्यायला इथे जमत, असे बेर्नार्दो दे लिसाना या फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूने 1633 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. ज्या मठातून त्याने इसामालच्या दंतकथा गोळा केल्या तो मठही एका पिरॅमिडावरच उभा आहे. एका साधूने तोडलेले दुसऱ्याने कागदावर उतरवून ठेवले, ही गोष्ट या भागात पुन्हा पुन्हा भेटते.

शनिवार : सान अंतोनियो दे पादुआचा मठ

आज सबंध दिवस मठासाठी ठेवला होता आणि तो पुरला नाही.

पाप-होल-चाक हा इसामालच्या मुख्य पिरॅमिडांपैकी एक. त्याचा माथा पाडून, उरलेल्या प्रचंड चौथऱ्यावर फ्रान्सिस्कनांनी मठ बांधला. आराखडा हुआन दे मेरिदा या साधूचा, देखरेख दिएगो दे लांदा या दुसऱ्या साधूची, आणि दगड वाहणारे हात अर्थातच मायांचे. 1561 मध्ये बांधकाम पुरे झाले. रस्त्यावरून मठात जायला तीन बाजूंनी चढत्या उतारवाटा आहेत आणि त्या चढताना पोटरीला जाणवणारा चढ हा मुळात पिरॅमिडाचा चढ आहे. उतारवाटेच्या कडेच्या भिंतीत एका दगडावर वळत जाणाऱ्या चौकटींची नक्षी दिसली, उलटी बसवलेली. ज्या गवंड्याने तो दगड लावला त्याला ती नक्षी कोणत्या देवळाची होती हे बहुधा ठाऊक असणार.

वर पोहोचल्यावर समोर जे उघडते ते प्रांगण सुमारे 8,000 चौरस मीटरचे आहे. व्हॅटिकनच्या चौकानंतर जगातले सर्वांत मोठे, असे इसामालकर सांगतात. चारही बाजूंना 75 कमानींची ओवरी आहे. ती मागाहून, सतराव्या शतकात बांधली. चर्च त्या मानाने साधे आणि अरुंद आहे. एवढ्या लहान चर्चपुढे एवढे मोठे अंगण कशासाठी, याचे उत्तर धर्मांतराच्या पद्धतीत आहे. एकाच वेळी हजारो लोकांना नव्या धर्माचे पाठ द्यायचे, तर ते आत मावत नसत. आणि ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या पिरॅमिडासमोरच्या मोकळ्या पटांगणात उभे राहून देवाचे करायची सवय होती, त्यांना बंद छताखाली कोंडण्यापेक्षा उघड्यावरच जमवणे अधिक शहाणपणाचे होते. अशी उघडी प्रार्थनास्थळे सोळाव्या शतकातल्या मेक्सिकोत अनेक ठिकाणी बांधली गेली. इथे मात्र जुन्या पटांगणाचीच सवय नव्या अंगणाने पुढे चालवली, असे मला तिथे उभे राहून वाटले.

चर्चच्या दर्शनी भिंतीवर, पुढे लावलेल्या चुन्याच्या थराखालून, जुनी भित्तिचित्रे बाहेर काढलेली आहेत. संत आणि साधू अर्धेमुर्धे उरले आहेत. गेरू आणि निळा हे दोनच रंग टिकले आहेत. मागच्या बाजूला एका दालनात इसामालची माता मेरी आहे. लांदाने 1558 मध्ये ग्वातेमालाहून तिच्या दोन मूर्ती आणल्या, एक इसामालसाठी आणि दुसरी मेरिदासाठी. वाटेत भर पावसातही मूर्तीची पेटी भिजली नाही, आणि पुढे वायादोलिदच्या स्पॅनिशांनी ती आपल्या शहरी न्यायचे ठरवले तेव्हा ती इतकी जड झाली की कोणालाच उचलेना, अशी कथा आहे. जागा न सोडणारे देव आपल्याकडेही गावोगाव असल्यामुळे ताईला ही कथा दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही. 1829 च्या आगीत मूळ मूर्ती जळाली आणि मेरिदाची जोडमूर्ती तिच्या जागी आणली गेली. डिसेंबरच्या आठ तारखेच्या उत्सवाला दुरून पायी येणारे भाविक आजही असतात. लिसाना लिहितो की माया काळातही इसामालला चार दिशांनी चार रस्ते येत आणि ताबास्को, चियापास, ग्वातेमालापर्यंतचे यात्रेकरू त्यांवरून येत. देव बदलला, पण यात्रेचे गाव तेच राहिले.

मठाच्या बाहेर लांदाचा पुतळा आहे. 1524 मध्ये स्पेनमध्ये जन्मलेला हा फ्रान्सिस्कन पंचविशीत युकातानला आला, माया भाषा शिकला, गावोगाव पायी हिंडला आणि इसामालच्या मठाचा प्रमुख झाला. स्पॅनिश जमीनदारांच्या जुलमाविरुद्ध तो मायांच्या बाजूने बोललाही. आणि त्यानेच 1562 मध्ये मानी या गावी मायांचे ग्रंथ जाळले. पुतळ्याखालच्या पारावर दोन म्हाताऱ्या बायका पांढऱ्या, गळ्याशी रंगीत फुले भरलेल्या उइपिल घालून माया भाषेत बोलत बसल्या होत्या. 2020 च्या जनगणनेनुसार ही भाषा बोलणारे साडेसात लाखांहून अधिक लोक मेक्सिकोत आहेत. प्रवासी पुस्तिकांत मायांना 'लुप्त झालेले' म्हणण्याची जी पद्धत आहे, ती इसामालच्या बाजारात पाच मिनिटे उभे राहिल्यावर हास्यास्पद ठरते. लुप्त झाले ते त्यांचे राजे आणि त्यांचे ग्रंथ.

रविवार : बाजार, आणि परसातले पिरॅमिड

युकातानात रविवारची न्याहारी म्हणजे कोचिनिता पिबिल. डुकराच्या मांसाला शेंदरीच्या बियांचे वाटण आणि आंबट संत्र्याचा रस चोळतात, केळीच्या पानांत गुंडाळतात आणि जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर रात्रभर शिजवतात. बाजारात सकाळी सातला झाकण उघडले की साडेनऊपर्यंत भांडे रिकामे होते. वर गुलाबी कांदा आणि हाबानेरो मिरची. ही मिरची लवंगी मिरचीला सहज मागे टाकते, तेव्हा बेतानेच घ्यावी. ताई मांस खात नाही, अंडे खाते. तिची सोय पापात्सुलेसने केली : भोपळ्याच्या बियांच्या हिरवट वाटणात बुडवलेल्या मक्याच्या तोर्तिया, आत उकडलेले अंडे आणि वर टोमॅटोची पातळ चटणी. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि भाजलेला टोमॅटो यांची सिकिल पाक नावाची घट्ट चटणीही तिला अतिशय आवडली. शाकाहारी मंडळींनी एवढेच लक्षात ठेवावे की काळ्या घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी घालण्याची इथे पद्धत आहे, आणि ती न विचारता कोणी सांगत नाही.

फळांच्या ढिगात चिकू होते. डहाणू-घोलवडच्या बागांमुळे आपल्याला जे फळ घरचे वाटते त्याचे मूळ रान हेच. त्याच्या चिकापासून चिकल नावाचा डिंक काढत आणि च्युइंग गमचा धंदा त्यावर उभा राहिला. त्याचे लाकूड इतके टणक आणि टिकाऊ की मायांनी दगडी देवळांच्या दारांवर त्याच्याच तुळया घातल्या, आणि त्यांतल्या काही हजार-बाराशे वर्षांनंतरही जागेवर आहेत. आम्ही अर्धा किलो घेतले. विकणाऱ्या मावशींनी 'दिओस बोओतिक' म्हणून पैसे घेतले. आभाराच्या या माया शब्दप्रयोगातला देव मात्र स्पॅनिश आहे.

जेवणानंतर उरलेले पिरॅमिड पाहिले. इत्सामातुल वर चढण्याजोगा आहे आणि तिथे गर्दी अजिबात नसते. काबुल पाहणे हा वेगळाच प्रकार आहे : तो घरांच्या मधोमध असून त्याच्या कडेने लोकांची परसे, कोंबड्यांची खुराडी आणि कपड्यांच्या दोऱ्या आल्या आहेत. याच काबुलच्या पायथ्याशी गिलाव्यात घडवलेला एक अवाढव्य चेहरा होता. इंग्रज चित्रकार फ्रेडरिक कॅथरवूड आणि अमेरिकन प्रवासी जॉन लॉइड स्टीव्हन्स यांनी 1842 मध्ये तो पाहिला, आणि कॅथरवूडने 1844 मध्ये त्याचे शिलामुद्रित चित्र प्रसिद्ध केले. आज चेहऱ्याचा मागमूस नाही. युरोप-अमेरिकेत त्याचे चित्र जपलेले आहे, आणि इथे तो होता त्या बाजूला आता रान आणि घरांच्या मागच्या भिंती आहेत.

संध्याकाळी चौकात मार्केसिता खाल्ल्या. दोन तापलेल्या लोखंडी साच्यांमध्ये पातळ घोळ ओतून कुरकुरीत पापडी करतात, ती गरम असतानाच किसलेले डच चीज भरून गुंडाळतात. गोड पापडी आणि खारट चीज हे ऐकायला विचित्र असले, तरी खायला उत्तम लागते.

सोमवार : चिचेन इत्सा

इसामालहून टॅक्सीने तासाभराचा रस्ता. दार उघडताना, आठ वाजता, आत गेलो म्हणून दोन तास बरे गेले. चार बाजूंच्या प्रत्येकी 91 पायऱ्या आणि वरची एक मिळून 365, संपाताच्या सुमारास कडेच्या भिंतीवर उतरणारी सर्पाकार सावली, 168 मीटर लांबीचे चेंडूखेळाचे मैदान, हे सगळे वाचून असतेच आणि प्रत्यक्षातही ते भव्य आहे, यात शंका नाही. पण पिरॅमिडावर चढणे बंद आहे, दोरीच्या बाहेरून पाहायचे, आणि दहानंतर कानकूनच्या बसगाड्या आल्या की मुखवटे आणि जग्वारच्या डरकाळीच्या शिट्ट्या विकणाऱ्यांच्या आवाजात वाटाड्याचे बोलणे ऐकू येत नाही. किनिच काक्मोवर सबंध सकाळ एकटे बसता आल्यानंतर इथे मन रमले नाही.

मंगळवार : आके

इसामालपासून पश्चिमेला जाणारा एक प्राचीन साकबे, म्हणजे चुन्याने मढवलेला उंच पांढरा रस्ता, सुमारे 30 किलोमीटरवरच्या आके या नगराला जोडलेला होता. आम्ही अर्थातच डांबरी रस्त्याने गेलो. आके हे या सहलीतले सर्वांत कमी प्रसिद्ध आणि मला सर्वांत जास्त आवडलेले ठिकाण. एका रुंद चौथऱ्यावर तीसहून अधिक खांब रांगेत उभे आहेत, एकावर एक ओबडधोबड दगड रचून केलेले. छत केव्हाच गेले आहे. चौथऱ्याच्या पायऱ्या एकेका अखंड, लांबलचक शिळेच्या आहेत आणि चढताना माणसाला पाऊल नव्हे, अंगच उचलावे लागते. दगडकाम इसामालच्या चौथऱ्याशी इतके मिळतेजुळते आहे की दोन्हीकडे एकाच परंपरेचे गवंडी असावेत हे सांगायला तज्ज्ञ लागू नये.

या अवशेषांना खेटूनच हेनेकेनची हासिएंदा आहे, म्हणजे मळा, कारखाना आणि मालकाचा वाडा यांचा एकत्रित पसारा. हेनेकेन ही घायपाताची जात. देशावर रेल्वेच्या कडेने आणि शेतांच्या बांधांवर कुंपण म्हणून लावलेले घायपात आपण पाहतो, त्याच्या पानांच्या वाखाचे दोरही वळले जात. युकातानात याच वाखावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अफाट संपत्ती उभी राहिली. अमेरिकेत गहू कापून पेंढ्या बांधणारी यंत्रे आली आणि त्यांना लागणारी सुतळी या पानांतून जाऊ लागली. जगाला हा वाख सिसाल या इथल्याच बंदराच्या नावाने ओळखीचा झाला. मेरिदातले संगमरवरी वाडे त्या पैशाचे आहेत. ती पाने तोडणारे मात्र बहुतेक माया मजूर होते, मालकाच्या दुकानातल्या उधारीने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, आणि त्यांच्या जोडीला उत्तर मेक्सिकोतून हाकून आणलेले याकी लोक. मेक्सिकन क्रांतीच्या काळात, 1915 मध्ये, राज्यपाल साल्वादोर आल्वारादोने ही कर्जाची गुलामी मोडली. 1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी मळ्यांच्या जमिनी वाटल्या. आणि शेवटी कृत्रिम धाग्याने धंदाच बसवला.

शेडमध्ये लोखंडी दंतचक्रांचे यंत्र उभे होते, त्या दिवशी बंद. तिथल्या एका कामगाराने कोयत्याने एक पान तोडून आणले, काट्यांच्या कडा सोलल्या आणि लाकडी फळीवर ठेवून बोथट पात्याने खरवडून दाखवले. हिरवा गर बाजूला गेला, त्याचा उग्र वास सुटला, आणि पांढरट-पिवळे, हातभर लांब तंतू ओले चमकत राहिले. गर अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून त्याने ताईला तंतू आधी बादलीत धुऊनच हाती दिले. हासिएंदाचे लहान चर्च एका माया ढिगाऱ्यावर बांधलेले आहे, आणि कारखान्याच्या भिंतींतही ओळखीचे गोल कडांचे दगड आहेत. देऊळ, मठ आणि कारखाना या तिन्हींच्या मालकांना तोच दगड उपयोगी पडला.

बुधवार : मानी

शेवटच्या दिवशी सामान घेऊनच निघालो आणि दिवसभराची टॅक्सी ठरवून दक्षिणेला मानी गाठले. थेट बस नाही, आणि वाटेतल्या गावांतले जुने मठ पाहत जायचे असल्यामुळे टॅक्सी परवडते.

मानीचा मठही हुआन दे मेरिदाचाच, 1549 चा, इसामालपेक्षा ओबडधोबड आणि न रंगवलेला. समोर गवताचे मोठे मैदान आहे. 1562 च्या मे महिन्यात जवळच्या एका गुहेत मूर्ती आणि मानवी कवट्या सापडल्या. बाप्तिस्मा घेतलेले लोक गुपचूप जुने देव पुजत आहेत असा अर्थ लांदाने काढला आणि धरपकड सुरू केली. मनगटांना दोर बांधून माणसांना वर टांगत आणि कबुलीजबाब घेत. पुढे झालेल्या सरकारी चौकशीनुसार त्या काही महिन्यांत साडेचार हजारांहून अधिक लोकांचा छळ झाला आणि 158 जण दगावले. 12 जुलै 1562 रोजी मानीत शिक्षांचा जाहीर सोहळा झाला, त्यात मूर्तींबरोबर हरणाच्या कातड्यावर आणि झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेले ग्रंथही जाळले गेले. किती, याचे 27 पासून पुढचे निरनिराळे आकडे सांगतात. स्वतः लांदाने नंतर लिहिले की त्यांत सैतानाच्या लबाडीशिवाय काही नव्हते म्हणून आम्ही ते सगळे जाळले आणि त्याचे या लोकांना फार दुःख झाले.

त्याच उन्हाळ्यात बिशप फ्रान्सिस्को दे तोराल युकातानात पोहोचला आणि हा प्रकार पाहून त्याने तो थांबवला. लांदाला जाब देण्यासाठी स्पेनला जावे लागले. तिथे, 1566 च्या सुमारास, त्याने युकातानविषयी सविस्तर वृत्तांत लिहिला. त्यात मायांची घरे, शेती, पंचांग, सण यांच्या बरोबरीने त्यांच्या लिपीची 'मुळाक्षरे'ही दिली. तो निर्दोष सुटला, 1573 मध्ये बिशप होऊन परत आला आणि 1579 मध्ये मेरिदात वारला. वृत्तांताची एक संक्षिप्त प्रत माद्रिदच्या ग्रंथालयात पडून होती, ती फ्रेंच पाद्री ब्रासर द बूरबूरने 1864 मध्ये छापली.

या मुळाक्षरांनी विद्वानांना जवळजवळ शतकभर चकवले, कारण ती लावून पाहिली तर काहीच वाचता येत नसे. लांदाने आपल्या माया लेखनिकाला स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारून दाखवली होती, 'आ, बे, से' अशी, आणि लेखनिकाने जे ऐकले त्या 'बे'साठीचे, 'से'साठीचे चिन्ह काढून दिले. लांदाला एबीसीडी हवी होती आणि समोरच्या माणसाकडे होती बाराखडी. लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्हने 1952 मध्ये हे ओळखले : चिन्हे व्यंजनांची नसून स्वरासहित अक्षरांची आहेत, आणि शब्दाच्या शेवटचा स्वर लिहिला तरी उच्चारत नाहीत. कुत्र्यासाठी 'त्सु' आणि 'लु' लिहायचे आणि 'त्सुल्' वाचायचे. 'घर' लिहून 'घर्' म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात समजायला अवघड असे काही नाही. पाश्चात्त्य अभ्यासकांना मात्र ते पटायला आणखी वीस-तीस वर्षे लागली. आज माया लेखांतला बराचसा मजकूर वाचता येतो, आणि त्यासाठीची किल्ली ग्रंथ जाळणाऱ्यानेच लिहून ठेवलेली होती. मला यामुळे लांदाविषयी कणव वाटत नाही. ताईचे मत वेगळे पडले. तिच्या मते लिहिताना त्याला आपण काय केले हे कळलेले असावे. त्याच्या मजकुरात तसे कुठे दिसत नाही, यावर टॅक्सीत बराच वेळ वाद झाला.

मायांचे चार ग्रंथ आज शिल्लक आहेत. तीन ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस इथे आहेत. चौथा, ज्याच्या अस्सलपणाविषयी दीर्घकाळ शंका घेतली गेली आणि जो 2018 मध्ये अस्सल ठरवला गेला, तो मेक्सिको सिटीत आहे. युकातानात एकही नाही.

मानीत मेलिपोना या नांगी नसलेल्या माश्यांचा मध मिळतो. माया लोक या माश्या पोकळ ओंडक्यांत पाळत आले आहेत. ओंडक्याची दोन्ही तोंडे चकत्यांनी बंद करतात आणि मध काढायच्या वेळी फक्त एक चकती उघडतात. मध पातळ, आंबूस असतो आणि इतका थोडा निघतो की लहानशा बाटलीलाही चांगली किंमत पडते. तिथून तिकुलला गेलो. ते मातीच्या भांड्यांसाठी आणि चपला-बुटांसाठी प्रसिद्ध आहे, आणि ताईने आकेच्या पायऱ्यांवर उसवलेल्या चपलांच्या जागी तिथेच नव्या घेतल्या. तिकुलच्या बाजाराजवळून मेरिदाला जाणाऱ्या सामाईक गाड्या प्रवासी भरले की सुटतात. आमची पंधरा मिनिटांत भरली आणि दीड तासात मेरिदाला पोहोचली.